जुन्या सहाफुटी मत्स्यटाकीची दुरुस्ती आणि फेरबांधणी

वापरलेली मोठी मत्स्यटाकी घेताना आपण खरे तर फक्त काच घेत असतो. सांधे आपल्याला नव्याने करावे लागणार, असे धरूनच व्यवहार करावा. जाड काच नीट हाताळली तर वर्षानुवर्षे तशीच राहते, परंतु काचांना एकमेकींशी जोडणाऱ्या सिलिकॉनवर त्याच वर्षांमध्ये बरेच काही गुदरलेले असते. शेवाळ खरवडताना ब्लेडचे टोक कोपऱ्यातल्या पट्टीत घुसलेले असते, पट्टीची कड जागोजागी सुटलेली असते आणि एका घरातून दुसऱ्या घरी नेताना टाकीला कधीतरी पीळही बसलेला असतो. माझ्याकडे आलेली टाकी 180 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच होती. काच 12 मिलिमीटर जाडीची होती. आधीच्या मालकाने ती बराच काळ रिकामीच ठेवली होती आणि ‘थोडी पाझरते’ एवढेच तिच्याबद्दल सांगितले होते.

मला तिची केवळ गळती थांबवायची नव्हती. बाहेर टांगलेल्या फिल्टरऐवजी टाकीखाली दुसरी गाळणटाकी, म्हणजे संप, बसवायचा होता आणि त्यासाठी मागच्या काचेला छिद्रे पाडणे भाग होते. वरच्या कडेचा आधारही मला वाढवायचा होता. दुरुस्ती आणि बदल यांची यादी वेगवेगळी न करता दोन्ही कामांचा क्रम एकत्रच लावला पाहिजे, हे मला सुरुवातीलाच दिसले, कारण यातले प्रत्येक काम पुढच्या कामाची वाट मोकळी करते किंवा बंद करते. सांधे नवे करून झाल्यावर छिद्र पाडताना काच तडकली, तर आधीचे सगळे श्रम वाया जातात; आणि समोरची बाजू कोणती हे ठरवण्याआधी छिद्रे पाडली, तर ओरखडे असलेली काच कायमची दर्शनी भागात येते.

उचलण्याआधी वजनाचा हिशेब केला. काचेचे वजन घनसेंटिमीटरला सुमारे अडीच ग्रॅम असते, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला 30 किलो भरते. तळ आणि चार भिंती मिळून या टाकीत जवळपास चार चौरस मीटर काच आहे, तेव्हा रिकामी टाकीच 120 किलोची. चार जणांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी पकडींनी ती उचलली, पण भार मात्र तळाखाली घातलेल्या रुंद पट्ट्यांवर ठेवला. पकडी केवळ तोल सांभाळण्यासाठी. आत एक दगडही ठेवू दिला नाही. मोठी टाकी वरच्या कडांना धरून उचलण्याची सवय पुष्कळांना असते. तसे केल्याने सगळा ताण नेमका सांध्यांवर येतो, आणि आपण दुरुस्त करायला निघालेलो असतो तेही तेच सांधे.

पहिली पाहणी कोरडीच केली. उजेडात प्रत्येक काचेच्या कडेवरून बोट फिरवून टवके शोधले. बाहेरच्या कडेवर वरवर उडालेला टवका फारसा त्रास देत नाही, पण सांध्याच्या आतपर्यंत गेलेला टवका किंवा त्याच्यापासून निघालेली केसासारखी चीर दिसली असती, तर ती काच बदलण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या टाकीत एका खालच्या कोपऱ्याला छोटा टवका होता आणि तो सांध्याच्या बाहेरच थांबलेला होता. मधली आडवी काचपट्टी, जी पुढच्या आणि मागच्या काचेला वर एकमेकींशी बांधून ठेवते, तिचे एक टोक सुटलेले होते. सर्वांत महत्त्वाची खूण उजव्या बाजूच्या काचेपाशी सापडली. दोन काचांच्या मधला सिलिकॉनचा थर बाहेरून पाहिला असता एकसारखा काळा दिसायला हवा, पण तिथे हातभर लांबीचा चंदेरी, आरशासारखा चमकणारा पट्टा दिसत होता. सिलिकॉन काचेपासून सुटून मध्ये हवा शिरली की असे दिसते.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण दुरुस्ती किती खोल करायची हे त्यावरच ठरते. टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असते. एक थर काचेची कड आणि शेजारची काच यांच्या मध्ये, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. टाकी उभी राहते ती त्याच्या जोरावर. दुसरी म्हणजे आतल्या कोपऱ्यांतून फिरवलेली गोलसर पट्टी. ती पहिल्या थराचे रक्षण करते आणि पाणी अडवते. नुसती आतली पट्टी खराब असेल तर तेवढी खरवडून नवी फिरवता येते. भार पेलणारा थरच सुटला असेल, तर त्यावर आतून कितीही सिलिकॉन चोपडले तरी तो सांधा भक्कम होत नाही.

तरीही डोळ्यांवर विसंबून न राहता आहे त्या अवस्थेतच पाणी भरून पाहिले. टाकी उघड्यावर, सपाट जमिनीवर जाड फोमवर ठेवली, सुटलेल्या काचपट्टीच्या जागी रुंद टेप आणि पट्टा आवळला, आणि वरच्या आधाराचा भरवसा नसल्यामुळे अर्ध्या उंचीपेक्षा जास्त पाणी भरायचे नाही असे ठरवले. गळती शोधताना पाणी जिथे ठिबकते तिथेच दोष आहे असे समजण्यात अर्थ नसतो. ते सांध्यातून बाहेर येते, तळाच्या कडेने सरकत जाते आणि भलत्याच कोपऱ्यातून खाली पडते. म्हणून सगळ्या बाहेरच्या कडा कोरड्या पुसून त्यांवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावल्या आणि कोणती पट्टी आधी ओली होते ते पाहिले. दुसरी युक्ती याहून सोपी आहे: पाणी आपले आपण गळू द्यावे आणि गळती कोणत्या पातळीला थांबते त्यावर खूण करावी. दोष त्या खुणेच्या जवळच असतो. माझ्या टाकीत पाणी पुढच्या कोपऱ्याशी साचत होते, पण गळती थांबली ती तळापासून वीसेक सेंटिमीटरवर, म्हणजे चंदेरी पट्ट्याच्या खालच्या टोकाशी. तळाचे सांधे कोरडे राहिले.

त्यामुळे निर्णय मधला निघाला. संपूर्ण टाकी सोडवून पुन्हा बांधण्याची गरज नव्हती, आणि केवळ आतली पट्टी बदलून भागणारे नव्हते. उजवी काच काढून पुन्हा बसवायची, मधली काचपट्टी काढायची आणि आतली पट्टी मात्र सगळ्या कोपऱ्यांतली बदलायची. ‘चांगली दिसते तेवढी राहू द्यावी’ हा मोह इथे टाळावा लागतो. ताजे सिलिकॉन स्वच्छ काचेला घट्ट धरते, पण आधीच सुकलेल्या सिलिकॉनवर त्याची पकड फार कमजोर असते. जुन्या पट्टीला नवी पट्टी जिथे भिडेल तिथेच उद्याची गळती तयार होते. म्हणून आतली पट्टी एकसलग, एकाच वेळी भरलेली असावी.

त्यानंतर समोर कोणती काच येणार ते ठरवले. दोन्ही लांब काचांवर ओरखडे होते. नख अडकेल इतके खोल ओरखडे घरी घासून जात नाहीत. सिरियम ऑक्साइड या काच घासण्याच्या पुडीने बारीक ओरखडे पुसट होतात खरे, पण एकाच जागी घासत राहिले तर काचेला तिथे सूक्ष्म खळगा पडतो आणि त्यातून मासा वाकडा दिसतो. मला तर ओरखड्यापेक्षा तो खळगाच जास्त खुपतो. शिवाय आतल्या बाजूचे उथळ ओरखडे पाणी भरल्यावर बरेच नाहीसे होतात. हवेच्या तुलनेत पाण्याचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाशी जवळचा असल्यामुळे प्रकाश तिथे कमी विखुरतो. ओल्या बोटाने प्रत्येक ओरखडा भिजवून पाहिला, ज्या काचेवर भिजल्यावरही दिसणारे ओरखडे कमी उरले ती समोरची ठरवली आणि दुसरी मागे गेली.

छिद्रे पाडण्यापूर्वी काच कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक असणे आवश्यक असते. कडक केलेल्या काचेला, म्हणजे टफन्ड ग्लासला, छिद्र पाडताच येत नाही. ड्रिल लागताच तिचे एका क्षणात बारीक तुकडे होतात. तपासणी सोपी आहे. काचेच्या एका बाजूला संगणकाचा पांढरा पडदा उजळून धरावा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगलमधून, तो थोडा थोडा फिरवत, पाहावे. काच कडक केलेली असेल तर तिच्यात काळसर चट्टे किंवा पट्टे उमटतात. साधी काच एकसारखी दिसते. माझ्या टाकीच्या तळात चट्टे स्पष्ट दिसले, मागच्या काचेत दिसले नाहीत. तळातून पाणी काढण्याचा विचार तिथेच संपला आणि छिद्रे मागच्या काचेत, वरच्या कडेजवळ पाडायचे पक्के झाले.

हे काम उजवी काच सोडवण्याआधीच केले. पाचही काचा जोडलेल्या असताना टाकी एक पेटी असते आणि ती पाठीवर आडवी करता येते. एक बाजू काढल्यावर तसे करणे धोक्याचे. टाकी फोमवर आडवी केली, म्हणजे मागची काच खाली आली आणि ड्रिल आतून चालवता आले. पाइपची जोडणी ज्यातून होते ते बल्कहेड आधीच आणून त्याचे माप घेतले आणि त्याला लागणाऱ्या व्यासाचा हिऱ्याच्या कणांचा होल सॉ, म्हणजे गोल छिद्र कापणारी नळीसारखी करवत, निवडला. बल्कहेडवर लिहिलेले माप पाइपचे असते. छिद्र त्याहून बरेच मोठे लागते. छिद्राची कड आणि काचेची कड यांत किमान एका छिद्राच्या व्यासाइतके अंतर ठेवले, दोन छिद्रांमध्येही तेवढेच. मागून जाड टेप लावला, भोवती मातीचे कडे करून त्यात पाणी भरले आणि पातळ प्लायवूडमध्ये आधीच पाडलेल्या भोकाचा मार्गदर्शक म्हणून उपयोग केला, कारण सुरुवातीला होल सॉ काचेवरून घसरत जातो. ड्रिलचा वेग कमी, हातोडीचा खटका बंद आणि दाब जवळजवळ ड्रिलच्या स्वतःच्या वजनाइतकाच. 12 मिलिमीटर जाडीला वेळ लागतो आणि तो द्यावा. पाणी दुधासारखे पांढरे होत जाते. ते बदलत राहिल्याने हिरेकण थंड राहतात आणि काचेची धूळ हवेत उडत नाही. काच पार होत आली की आवाज बदलतो. त्या वेळी दाब आणखी कमी केला नाही, तर मागच्या बाजूला मोठे टवके उडतात. तीन छिद्रे पाडली. त्यांचे कारण पुढे येईल.

आता सोडवण्याचे काम. टाकी पुन्हा उभी करून मधली काचपट्टी काढली, उरलेल्या तीन भिंतींना बाहेरून पट्टे आवळले आणि उजव्या काचेचे सांधे बारीक पोलादी तारेने कापले. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या आणि करवतीसारखी मागेपुढे ओढली. उभे सांधे लवकर सुटले. तळाचा सांधा, जो सर्वांत निरोगी होता, त्याने खरा वेळ घेतला. सिलिकॉन चांगले लागलेले असेल तर ते किती धरून ठेवते हे तिथे कळले.

त्यानंतरच्या खरवडण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही, आणि पुढची मजबुती सगळी त्याच्यावरच अवलंबून असते. आधी लांब ब्लेडने आतली पट्टी दोन्ही काचांलगत कापून सोलून काढली. हे करताना ब्लेडचे टोक दोन काचांच्या मधल्या थरात शिरू नये म्हणून ते सतत काचेला जवळजवळ टेकवून धरावे लागते. मोठे तुकडे निघाल्यावर उरते ती डोळ्यांना न दिसणारी साय. ती आहे की नाही हे पाहण्यासाठी काच ओली करावी: स्वच्छ काचेवर पाणी एकसारखे पसरते, सिलिकॉन उरलेल्या जागी ते थेंबाथेंबांनी गोळा होते. पाणी सरळ पसरेपर्यंत नवी पाती बदलत खरवडत राहिले. सिलिकॉन विरघळवण्यासाठी मिळणारे द्राव कडेकडेचे सिलिकॉन सैल करतात, परंतु त्यांचा अंश मागे राहिला तर नवे सिलिकॉन धरत नाही, म्हणून मी ते टाळले. अ‍ॅसिटोन सुकलेले सिलिकॉन विरघळवत नाही. त्याचे काम शेवटचे, तेलकटपणा आणि बोटांचे ठसे काढण्याचे. एकच फडके पुन्हा पुन्हा फिरवले तर तोच मेणचट अंश सगळीकडे पसरतो, तेव्हा प्रत्येक हाताला फडक्याचा कोरा भाग हवा. खोली मोकळी, हवा खेळती आणि आसपास ज्योत नाही, हे गृहीतच आहे.

पाण्याच्या जुन्या रेषेवर चुन्याचा पांढरा थर होता. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी काही तास पसरून ठेवली आणि नंतर तो ब्लेडने सहज निघाला. साबण कुठेही वापरला नाही.

सिलिकॉन निवडताना नळीवरची माहिती नीट वाचावी. स्नानगृहासाठीच्या अनेक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते माशांना घातक ठरते. मत्स्यटाकीसाठीचे म्हणून लिहिलेले, सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडणारे सिलिकॉन मी घेतले, आणि नळी किती मोठ्या टाकीसाठी चालते व तिची मुदत कधी संपते हेही पाहिले. मुदत संपलेले सिलिकॉन कधीकधी चिकट राहते, नीट सुकतच नाही.

जोडणीच्या आधी एकदा कोरडी तालीम केली: काच कुठून आत येईल, कोण कुठे धरेल, दीड मिलिमीटरचे छोटे ठोकळे कुठे बसतील. भार पेलणारा थर जाडीला एकसारखा असावा म्हणून हे ठोकळे. ते नसतील तर काच दाबली जाऊन सिलिकॉन बाहेर येते आणि मध्ये नाममात्र थर उरतो. तळावर आणि दोन्ही उभ्या कडांवर सिलिकॉनची अखंड रेघ ओढली आणि काच एका हालचालीत जागी बसवली. एकदा टेकल्यावर ती मागेपुढे सरकवली नाही, कारण सरकवताना थरात हवा अडकते. बाहेरून पट्टे आवळले, गुण्याने कोपरे तपासले.

लगेच आतल्या पट्टीला हात घातला. इथे दोन मते आढळतात. काही जण आधी सांधा पूर्ण सुकू देतात आणि मग आतली पट्टी भरतात. त्याने सांध्याला आतून-बाहेरून हवा मिळून तो लवकर सुकतो. मला दोन्ही थर ओले असतानाच एकजीव झालेले हवे होते, सुकण्यास जास्त काळ लागला तरी चालेल. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, म्हणून एका वेळी एकच कोपरा घ्यायचा असे नव्हते. सगळ्या कोपऱ्यांवर मास्किंग टेप आधीच लावून ठेवला होता, एकाने सिलिकॉन भरत पुढे जायचे, दुसऱ्याने गोल टोकाच्या पट्टीने एकाच ओढीत ते दाबून गुळगुळीत करायचे आणि तिसऱ्याने टेप ओला असतानाच उचलायचा, असे ते काम पार पडले. टेप उशिरा काढला तर सायीसकट पट्टीची कड उचलली जाते. पट्टी जुन्या पट्टीपेक्षा थोडी रुंद ठेवली, म्हणजे दोन्ही काचांच्या ताज्या, स्वच्छ भागावर तिला पुरेशी पकड मिळाली.

वरच्या आधाराकडे मी विशेष लक्ष दिले. 60 सेंटिमीटर उंचीच्या टाकीत 55 सेंटिमीटर पाणी असेल, तर तळाशी दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम 55 ग्रॅम असतो, ऐकायला किरकोळ. पण तो लांब काचेच्या सगळ्या क्षेत्रफळावर मिळवला की समोरच्या एका काचेवर सुमारे 270 किलोचा रेटा होतो. तळ आणि बाजू तिला तीन कडांनी धरतात. मोकळी राहते ती वरची कड, आणि ती मधोमध बाहेर फुगते. पूर्वी हा सगळा ताण त्या एका मधल्या काचपट्टीवर होता आणि तिचे टोक का सुटले हे समजायला यापेक्षा जास्त शोध नको. मी पुढच्या आणि मागच्या काचेला वरून, लांबीभर, आठ सेंटिमीटर रुंदीच्या काचपट्ट्या आडव्या बसवल्या, त्यांची टोके बाजूच्या काचांनाही जोडली आणि मधली पट्टी त्या दोन पट्ट्यांवर टेकवून चिकटवली. पूर्वी ती केवळ आपल्या कडेच्या 12 मिलिमीटर जाडीवर चिकटलेली होती. आता तिला दोन्ही टोकांना तळहाताएवढे क्षेत्र मिळाले.

मग थांबणे. सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने, बाहेरून आत, साधारणपणे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने सुकते, आणि हवा थंड व कोरडी असेल तर त्याहून हळू. आतली पट्टी एका बाजूने झाकत असल्यामुळे 12 मिलिमीटर रुंद सांध्याला बाष्प प्रामुख्याने बाहेरच्या कडेनेच मिळते, म्हणून आठवडा ही मी किमान मर्यादा धरली आणि त्यापुढेही व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरले नाही.

हा काळ स्टँडसाठी उपयोगी पडला. टाकीबरोबर आलेल्या लाकडी स्टँडचा वरचा पृष्ठभाग पिळलेला होता. सरळ पट्टी कर्णावर ठेवली की एका कोपऱ्याखाली उजेड दिसायचा. माझा अंदाज असा, की मूळ सांधा सुटण्याचे कारणही हाच पीळ असावा, कारण उजवा पुढचा कोपराच अधांतरी होता. लोखंडी चौकोनी नळ्यांची नवी चौकट करून घेतली, वर जाड प्लायवूड आणि त्यावर फोमचा पातळ थर. ही टाकी थेट तळाच्या काचेवर बसणारी आहे, म्हणून फोम योग्य. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाक्यांचा भार फक्त चौकटीवर असतो, त्यांच्याखाली फोम घालू नये. पाणसळ दोन्ही दिशांना लावून जे काही पाचर मारायचे ते स्टँडच्या पायांखाली मारले. टाकी आणि स्टँड यांच्या मध्ये पाचर मारणे म्हणजे पीळ आपल्या हाताने आत घालणे.

जागा ठरवतानाही वजन पाहावे लागले. पाणी सुमारे 560 लिटर, काच, वाळू-दगड, स्टँड आणि संप मिळून सगळे टनाच्या जवळ जाते आणि ते एक चौरस मीटरवर उभे राहते. राहत्या घराच्या मजल्याचा आराखडा अनेक देशांत चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून होतो. तो आकडा संपूर्ण खोलीसाठी असतो, एका चौरस मीटरपुरता नव्हे, तरीही तो कानामागे टाकण्यासारखा नाही. वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवायची तर बांधकामाच्या जाणकाराला विचारूनच ठेवावी. माझी टाकी थेट जमिनीवर बांधलेल्या तळमजल्यावर असल्याने हा प्रश्न सुटलेला होता.

मागच्या छिद्रांपुढे आतून दाते असलेली आडवी काचपेटी बसवली, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी तिच्यात ओसंडते आणि मासे बाहेर राहतात. तीन छिद्रांपैकी पहिल्याला व्हॉल्व्ह असून तो पाइप पूर्ण भरून, हवा न ओढता वाहतो, त्यामुळे आवाज करत नाही. दुसऱ्यातून उरलेले थोडे पाणी बारीक धारेने जाते. तिसरा पाइप थोडा उंच आहे आणि एरवी कोरडा असतो. पहिले दोन तुंबले तर सगळे पाणी त्याने एकट्याने वाहून न्यायचे. एकाच पाइपवरही अशी टाकी चालते, पण त्या एका पाइपात गोगलगाय अडकली की पंप संपातले पाणी वर ओततच राहतो आणि ते जमिनीवर येते. बल्कहेडची रबरी चकती काचेच्या आत, रुंद कडेच्या बाजूला बसवली, तिला सिलिकॉन लावले नाही आणि नट हाताने आवळून वर पाव फेरा दिला.

संपाचे माप वीज गेल्यावर किती पाणी खाली येईल यावरून काढले. पंप थांबला की वर जाणारा पाइप उलटा वाहू लागतो आणि त्याचे तोंड हवेत उघडे पडेपर्यंत टाकी रिती करतो. तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटरवर ठेवले तर या टाकीत ते सुमारे 20 लिटर होतात. दहा सेंटिमीटरवर ठेवले तर 100. पाइपांतले आणि काचपेटीतले पाणी वेगळे. माझा संप 90 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 40 उंच आहे आणि चालू असताना त्यात 22 सेंटिमीटर पाणी असते, म्हणजे वर सुमारे 60 लिटरची जागा मोकळी राहते. वर जाणाऱ्या त्याच पाइपला पृष्ठभागालगत एक बारीक छिद्रही पाडले, जेणेकरून त्यातून हवा शिरून उलटा प्रवाह लवकर तुटावा. पण ते शेवाळाने बुजू शकते, म्हणून हिशेब ते बुजलेले आहे असे समजूनच केला.

शेवटची चाचणी टप्प्याटप्प्याने झाली. एक चतुर्थांश, अर्धी, तीन चतुर्थांश आणि पूर्ण. प्रत्येक टप्प्याला रात्रभर थांबून टिश्यूच्या पट्ट्या पाहिल्या. समोरच्या काचेला बाहेरून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून रिकामी असताना आणि भरल्यावर मधला फुगवटा मोजला. फरक दीड मिलिमीटरच्या आत राहिला. एका बल्कहेडशी ओल दिसली, ती नट किंचित आवळल्यावर थांबली. नंतर मुद्दाम पंपाची वीज तोडली आणि संप कुठवर भरतो ते पाहिले. कडेच्या खालीच पाणी थांबले. पंप चालू ठेवून पहिल्या पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, दुसऱ्यात बोळा घातला. पाणी काचपेटीत चढले आणि तिसऱ्या पाइपाने मोठ्या आवाजात खाली जाऊ लागले. तो आवाज त्रासदायक आहे आणि तसाच असू द्यावा, कारण काहीतरी तुंबल्याची सूचना तोच देतो. विजेच्या सर्व तारांना प्लगच्या आधी खाली झोळ दिला, जेणेकरून तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, आणि पुरवठा विद्युतप्रवाहाची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून घेतला.

चाचणीचे पाणी फेकून दिले, टाकी पुसली, मागच्या काचेला बाहेरून काळा रंग दिला आणि वाळू घातली. एका चालत्या टाकीच्या फिल्टरमधले जुने स्पंज संपात ठेवल्याने जिवाणूंची वाढ लवकर झाली. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे हे जिवाणू एरवी पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. तरीही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत एकही मासा सोडला नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत पहिल्या पाइपच्या व्हॉल्व्हला वारंवार हात लावावा लागला, कारण पाइपांच्या आत बुळबुळीत थर जमत गेला की प्रवाह बदलतो आणि काचपेटीतली पातळी वर सरकते. आता ती स्थिर झाली आहे. बाष्पीभवनाने घटणारे पाणी मुख्य टाकीत दिसत नाही, केवळ संपातल्या पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथे एक खूण केली असून पातळी तिच्याखाली गेली की गोडे पाणी घालायचे, एवढेच नेमाचे काम उरले आहे. मागच्या काचेवरचा एक लांब ओरखडा अजूनही दिव्याच्या उजेडात दिसतो.